लग्नाचं मिक्सिंग बाहेर देताना: निळा चुडा, पाच एडिटर आणि नऊ सेकंद

चुडा निळा दिसत होता.

नवरीच्या आईनं स्टुडिओत येऊन मोबाइल माझ्या पुढ्यात धरला, हायलाइट व्हिडिओ नेमका थांबवला आणि विचारलं, "दादा, चुडा हिरवा असतो का निळा?" मी स्क्रीनच्या फरकाचं काहीतरी बोलायला लागलो. त्या म्हणाल्या, तुमच्या कॉम्प्युटरवर लावा. लावला. तिथंही निळाच. शालूचा काठ, मांडवाला लावलेली आंब्याची पानं, सगळं निळसर, आणि हळद लागलेले चेहरे मात्र संत्र्याच्या सालीसारखे. काकूंचा आवाज चढला नाही, ते जास्त लागलं. "एवढं केलंत, चुडा तरी हिरवा ठेवायचा," एवढंच म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

त्या निळ्या चुड्यापासून पुढचे पाच महिने आम्ही काय काय केलं ते इथं मांडतोय. आमच्यासारखे दोन-तीन माणसांचे स्टुडिओ गावोगाव आहेत आणि मिक्सिंगचं काम बाहेर देण्याची वेळ आज ना उद्या त्यांच्यावर येतेच. (एडिटिंगला आमच्या धंद्यात अजून मिक्सिंगच म्हणतात. नवीन पोरं हसतात, पण बिलावर तेच लिहितात.)

कराडला आमचा छोटा स्टुडिओ आहे. मी आणि धाकटा भाऊ, दोघं शूट करतो; मोठं लग्न असलं की तिसरा कॅमेरामन आणि ड्रोनवाला रोजावर. वर्षाला तीस-एकतीस लग्नं होतात. तुळशीचं लग्न लागलं की धावपळ, पौषात थोडा श्वास, माघापासून मे संपेपर्यंत पुन्हा उसंत नाही. चातुर्मासात बारशी, वाढदिवस आणि शाळांचे फोटो. एका लग्नात गिऱ्हाइकाला तीन गोष्टी द्यायच्या असतात. अडीच-तीन तासांचा पूर्ण व्हिडिओ, जो आजी-आजोबा टीव्हीवर बघतात. पाच-सहा मिनिटांची हायलाइट, जी नवरा-नवरी बघतात. आणि मिनिटभराचा टीझर, जो सगळा गाव बघतो.

हे तिन्ही करणारा एक मुलगा आमच्याकडे १८,००० रुपये पगारावर होता. हात चांगला होता. जानेवारीअखेर त्याला पुण्यात दुप्पट पगार मिळाला आणि तो गेला. त्याच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. महाशिवरात्रीपर्यंत आमच्या हार्डडिस्कवर चौदा लग्नं साठली. एका नवऱ्या मुलानं फोन करून विचारलं, "लग्नाचा व्हिडिओ बारशाला देणार का?" तो हसत होता, पण आम्ही नव्हतो.

मग घाईत जे होतं ते झालं. परराज्यातल्या एका ठिकाणी ठोक काम घेतात असं कळलं. पूर्ण व्हिडिओ १,२०० रुपये, हायलाइट १,८००. चार लग्नं पाठवली. अकराव्या दिवशी चारही तयार होऊन आली, आणि आम्ही घाईघाईत, नीट न बघता गिऱ्हाइकांना दिली.

निळा चुडा हा त्यातला एक प्रकार झाला. दुसऱ्या लग्नात झाल अख्खी कापली होती. पेटलेल्या दिव्यांची दुरडी मुलाकडच्यांच्या डोक्यावर धरून मुलगी सोपवतात, तो विधी. मांडवात त्या वेळी एकही डोळा कोरडा नसतो, पण कॅमेऱ्यातून पाहिलं तर दहा मिनिटं माणसं एका दुरडीभोवती उभी आहेत आणि काहीच होत नाही, असं दिसतं. जो या घरात वाढला नाही तो ते कापणारच. तिसऱ्या लग्नात अंतरपाट पडण्याच्या आधीच नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळत होता. चौथ्यात नवऱ्या मुलाच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' आलं. नावं आम्ही श्रीलिपीत टाइप करून पाठवली होती. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसल्यानं तिथं नुसती चिन्हं उमटली असणार, आणि मग पत्रिकेचा फोटो बघून कुणीतरी अक्षरं चित्रासारखी उतरवली. वर एका घरी टीव्हीवर नुसता आवाज येत होता, चित्र नाही. फाइल फोर-केमध्ये, एच.२६५ या नव्या पद्धतीत बनवलेली, आणि त्यांचा टीव्ही जुना.

भावानं त्या लोकांना फोनवर बरंच सुनावलं. मी नंतर त्यांना पाठवलेला आमचाच मेसेज काढून वाचला. त्यात चारच शब्द होते: "भाई, जल्दी चाहिए. अर्जंट." त्यांनी तेवढंच केलं होतं.

चारही कामं पुन्हा दुरुस्त करून द्यायला आम्हाला तीन आठवडे रात्री जागाव्या लागल्या. उरली दहा. मार्चच्या मध्यावर बसून ठरवलं की आता माणूस नीट शोधायचा.

ओळखीच्या फोटोग्राफर मंडळींना विचारलं, इन्स्टाग्रामवर बघितलं, आणि आमचे अल्बम जिथं छापतात त्या लॅबवाल्याला विचारलं. हा शेवटचा माणूस कुणाच्या डोक्यात येत नाही. पण कोण कुठल्या स्टुडिओचं काम करतो, कोण वेळेत देतो, कुणाच्या अल्बममध्ये नावं चुकतात, हे लॅबवाल्याला तोंडपाठ असतं. अशी अकरा नावं जमली, त्यातली सहा दोन फोनमध्येच गळाली.

राहिलेल्या पाचातल्या चौघांनी शोरील (आपल्या निवडक कामाची झलक) पाठवली. शोरील म्हणजे रुखवत. मांडलेलं सगळं सुंदरच असतं, आणि त्यातलं किती घरी केलेलं नि किती विकत आणलेलं, हे वर पक्षाला कळत नाही. शोरीलमध्ये उदयपूरचा राजवाडा, धुक्यातलं लॉन, भारीतली लेन्स. आमच्याकडे मंगल कार्यालयातली ट्यूबलाइट, मागं लखलखणारी एलईडी वॉल आणि मध्ये उभे राहणारे पाहुणे. राजवाड्याच्या व्हिडिओवरून ट्यूबलाइटचा अंदाज कसा बांधायचा?

म्हणून आम्ही आमचंच सगळ्यात वाईट शूट काढलं. गोरज मुहूर्ताचं लग्न, अंधार पडत आलेला. तीन कॅमेरे. एकाच्या आवाजात बँड फाटलेला. अंतरपाट पडतानाचा जवळचा शॉट आमच्याकडे नव्हताच, कारण नेमक्या त्या क्षणी कुणा पाहुण्याचा मोबाइल लेन्ससमोर आडवा. मंगलाष्टकं सुरू होण्याआधीपासून अक्षता पडून हार घालेपर्यंतची २२ मिनिटं घेतली. तीन कॅमेऱ्यांची मिळून ६६ मिनिटं. आमचं रेकॉर्डिंग सेकंदाला १०० मेगाबिटनं होतं, म्हणजे तासाला ४५ जीबी, म्हणून हे जवळपास ५० जीबी झालं. पाचही जणांना तेच दिलं, प्रत्येकी १,५०० रुपये आगाऊ दिले, चार दिवस दिले आणि मागितलं एवढंच: या २२ मिनिटांची सहा मिनिटं करून द्या. बाकी मुद्दाम काहीच सांगितलं नाही.

पैसे देण्यावरून भावाचं नि माझं वाजलं. तो म्हणाला, काम मिळणार म्हटल्यावर लोक सँपल फुकट करतात. करतात, पण फुकटचं सँपल माणूस रात्री बाराला उरकतो, आणि आपल्याला बघायचं असतं तो दिवसा कसा काम करतो ते.

नाशिकच्या एकानं चाचणीच नाकारली. तो म्हणाला, पूर्ण लग्न द्या, पूर्ण पैसे द्या, आवडलं नाही तर पुढचं देऊ नका. त्यानं १,५०० रुपये त्याच दिवशी परत पाठवले. त्याचा दर आम्हाला झेपणारा नव्हता, नाहीतर मी त्यालाच दिलं असतं.

सांगलीचा मुलगा चार दिवस "होतंय दादा, रेंडरला लावलंय" म्हणत राहिला. पाचव्या दिवशी फोन बंद. कुठून तरी उतरवलेलं सॉफ्टवेअर आणि मित्राचा लॅपटॉप असा प्रकार होता, हे नंतर कळलं. पैसे गेले, पण अख्खं लग्न जाण्यापेक्षा १,५०० रुपयांत सुटलो.

पुण्याच्या मुलाचं काम पाहून भाऊ खुर्चीतून उठला. खरंच देखणं होतं. कट तालावर, वेग कमी-जास्त, आमची ट्यूबलाइटसुद्धा सिनेमातली वाटत होती. अंतरपाटाच्या जागी त्यानं ड्रोनचा शॉट टाकला होता, म्हणजे कार्यालयाचं छप्पर आणि पार्किंग. दोन माणसं आयुष्यात पहिल्यांदा त्या अर्थानं एकमेकांकडे बघतात तेव्हा आपण पत्रे बघतोय. आणि सहा मिनिटांत मुलीचा मामा एकदाही नाही. तो तिच्या मागं उभा होता, पूर्ण वेळ. या मुलानं कामाआधी किंवा नंतर आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही.

सुरतच्या माणसाचं काम छत्तीस तासांत आलं. स्वच्छ, आवाज नीट जुळवलेला, रंग नैसर्गिक, चुडा हिरवा. एकच चूक, पण मोठी. आपल्याकडे प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी 'सावधान' म्हटलं की पाहुणे अक्षता टाकतात. त्यानं पहिल्याच अक्षतांना लग्न लागलं असं समजून तिथं वाजंत्री आणि हार आणले, आणि पुढची मंगलाष्टकं कापून टाकली. मी फोनवर समजावलं तेव्हा तो म्हणाला, "भैया, ये बताना था ना." बरोबर बोलला.

पाचवी गडहिंग्लजची एक ताई. हिचं नाव लॅबवाल्यानं दिलं होतं. आधी कोल्हापुरात एका स्टुडिओत एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर सात वर्षं काम केलेली, मुलगा झाल्यावर घरूनच करते. शोरील नाही, इन्स्टाग्राम नाही. "माझ्याकडं दाखवायला काय नाही दादा, केलेलं सगळं ज्याचं त्याच्या घरी आहे," असं म्हणाली होती. ती पाच जणांत आली ती केवळ लॅबवाल्याच्या शब्दावर.

तिचं काम पाचव्या दिवशी आलं, एक दिवस उशिरा. पण दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर प्रश्न आले होते. चौदा. त्यातले काही जसेच्या तसे देतो.

"मुलीचा मामा कोणता? फेटे सगळ्यांचे सारखेच आहेत."

"दुसऱ्या कॅमेऱ्याचं घड्याळ ४३ मिनिटं पुढं आहे का? अंतरपाट एकात ७.१२ ला पडतोय, एकात ७.५५ ला."

"एक कॅमेरा २५ फ्रेमवर आणि एक ३० वर आहे, मुद्दाम आहे का चुकून? ३० वाल्यात लाइटचे पट्टे दिसतायत."

"जांभळ्या लुगड्यातल्या आजी कोण? तीनदा कॅमेरा त्यांच्यावर थांबलाय."

"घरात कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे का? कुणाला कुणाशेजारी दाखवायचं नाही असं काही असलं तर आत्ताच सांगा."

हा शेवटचा प्रश्न वाचून मी मोबाइल खाली ठेवला. दहा वर्षांत एकाही एडिटरनं मला हे विचारलं नव्हतं, आणि याच कारणावरून दोन वर्षांपूर्वी आमचा एक पूर्ण व्हिडिओ परत आला होता. दोन चुलते, शेताचा वाद, आणि आम्ही दोघांना एकाच फ्रेममध्ये स्लो मोशनला टाकलेलं.

पण घड्याळाच्या प्रश्नानं जास्त खजील केलं. कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी बघतच नव्हतं. क्लिपा वेळेनुसार लावल्या की दुसऱ्या कॅमेऱ्याचं सगळं पाऊण तास पुढं सरकतं, आणि तिसऱ्या लग्नात अंतरपाटाआधी कानपिळी आली होती ती यामुळेच. तीस फ्रेमचंही तसंच. भावानं कुठल्यातरी परदेशी ट्यूटोरियलमध्ये बघून कॅमेरा एनटीएससीवर (अमेरिकेकडची, ३० फ्रेमची पद्धत) टाकला होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेम आणि शटर एकपन्नासांश ठेवलं तर लाइट शांत राहतात. ३० आणि एकसाठांशवर गेलं की ट्यूब आणि एलईडी वॉल पट्टे मारायला लागतात. चुड्याचं मूळही आमच्याच घरात निघालं. आमचा कॅमेरा सोनी ए सेव्हन थ्री. तो आत आठ बिटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे एका रंगाच्या २५६ पायऱ्या. दहा बिटला त्याच १,०२४ होतात. अशा कॅमेऱ्यावर भाऊ लॉग प्रोफाइलमध्ये (रंग नंतर चढवायचे म्हणून मुद्दाम फिकट ठेवलेलं रेकॉर्डिंग) शूट करायचा. त्यावर समोरच्यानं निळा-नारिंगी तयार लुक चढवला की हिरवा कुठं जाणार? ठोकवाल्यांना आम्ही जेवढ्या शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या आमच्या नावावर लिहायला हव्यात.

आता तिचं काम. रंग साधे. सुरुवात संथ, भावाला कंटाळवाणी वाटली. गाण्याची निवड पंधरा वर्षं जुनी. आणि मग मंगलाष्टकं आली.

बँड फाटलेला कॅमेरा तिनं आवाजासाठी वापरलाच नाही. गुरुजींच्या माइकचा आवाज दुसऱ्या कॅमेऱ्यातून घेऊन तोच सलग खाली चालू ठेवला. शेवटचं 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' सुरू झालं. चित्रात लांबून दिसणारा मांडव, मध्ये अंतरपाट, मागं दोन्हीकडचे मामा. आणि तिथून चित्र एकदम कार्यालयाच्या बाहेर गेलं. तुळशीवृंदावनापाशी नवरीची आई एकटी उभी आहे. हातात तांब्या. पाणी घालते आहे, आणि तिची मान किंचित आतल्या बाजूला, आवाजाकडे वळली आहे. शॉट हलतोय, ट्यूबचा उजेड, कडेला कुणाची तरी चप्पल. नऊ सेकंद. मग 'सावधान', पुन्हा लांबचा मांडव, अंतरपाट खाली, अक्षता.

आमच्याकडे बऱ्याच घरांत मुलीची आई लग्न लागताना बघत नाही, तुळशीला पाणी घालते. हे आम्हाला माहीत आहे. लहानपणापासून बघतोय. पण तिथं कॅमेरा न्यावा असं कधी सुचलं नव्हतं.

भाऊ म्हणाला, "हे आपण काढलंय?"

काढलं होतं. गर्दीतून पलीकडं जाता येईना म्हणून तो बाहेरून वळसा घालून जात होता, कॅमेरा चालूच होता. त्याच्या लेखी ती वाया गेलेली क्लिप. पुण्याच्या आणि सुरतच्या दोघांकडेही ती होती. दोघांनी ती टाकून दिली आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. हललेला, अंधारा शॉट आहे तो. ताईनं ६६ मिनिटं सगळी बघितली होती, म्हणून एक दिवस उशीर झाला होता.

तरी भाऊ पुण्याच्या बाजूनं होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पुढच्या वर्षीची बुकिंगं टीझरवर येतात, तुळशीवर नाही, असं तो म्हणाला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. शेवटी वाटणी केली. पूर्ण व्हिडिओ आणि हायलाइट ताईकडे, टीझर सुरतकडे. साठलेल्या दहांपैकी सहा लग्नं सुरतच्याला पूर्ण दिली, पण या वेळी सोबत हिंदीत लिहिलेला दोन पानी कागद. देवकापासून माप ओलांडेपर्यंतचा क्रम, आणि त्यात ठळक: अक्षता प्रत्येक 'सावधान'ला पडतात, अंतरपाट फक्त शेवटच्याला; झाल कापायची नाही; चुडा हिरवा. तो कागद लिहायला बसलो तेव्हा कळलं की आमच्या स्वतःच्याही डोक्यात क्रम पक्का नाही. आईला विचारून पूर्ण केला.

ताईशी व्यवहार ठरवताना तीच जास्त स्पष्ट होती. महिन्याला चार लग्नं, पाचवं नाही. पूर्ण व्हिडिओचे ३,०००, हायलाइटचे ३,५००. निम्मे डिस्क मिळाल्यावर, निम्मे फाइल द्यायच्या आधी. दुरुस्ती दोनदा, आणि तीही घरच्यांनी एकत्र बसून केलेल्या एकाच यादीतून. रोज नणंदेचा एक, जावेचा एक मेसेज चालणार नाही. दुपारी चार ते सहा फोन नाही, मुलाची शाळा. तिनं असं काही सांगितलं की मला बरं वाटायचं. ज्याला 'नाही' म्हणता येतं त्याचं 'हो' खरं असतं.

आमच्याकडून दोन अटी. आम्ही लेखी कळवेपर्यंत डिस्क पुसायची नाही, आणि घरच्यांच्या परवानगीशिवाय कुठंही एक फ्रेमसुद्धा टाकायची नाही. ही दुसरी अट बऱ्याच जणांना जाचक वाटते. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं आहे की कुणी पैसे देऊन फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक करून घेणारा. म्हणजे लग्नघर. मालकी आमचीही नाही, मग एडिटरच्या पेजवर ते कुठल्या हक्कानं जाणार? आता कोटेशनमध्येच दोन ओळी टाकल्या आहेत आणि परवानगी आधीच घेतो. गाण्यांचंही एक सांगून ठेवतो. लग्नात गाणी वाजवायला परवाना लागत नाही, हे कलम ५२ मध्ये आहे आणि जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग विभागानं नोटीस काढून पुन्हा स्पष्ट केलं. पण ती सूट मांडवात वाजवण्यापुरती. तेच गाणं हायलाइटला लावून यूट्यूबवर टाकलं की व्हिडिओ अडकू शकतो, आणि त्याचा फोन आपल्यालाच येतो.

डेटा कसा पाठवायचा, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा. अख्खं लग्न ४५० जीबीच्या आसपास. आमचं इंटरनेट अपलोडला ५० मेगाबिट धरलं तर वीस तास, तेही लाइट गेली नाही तर. म्हणून हार्डडिस्कच. एक प्रत ताईकडे, दोन आमच्याकडे, त्यातली एक स्टुडिओत आणि एक घरी. डिस्क कुणीतरी पाहुणा कोल्हापूरला नेतो, तिथून तिचे मिस्टर घेऊन जातात. कुरिअरनं एकदाच पाठवली, आणि ती पोचेपर्यंत मला जेवण गेलं नाही. परत येताना फाइली छोट्या असतात, त्या नेटवर येतात. टीव्हीसाठी एच.२६४ मध्ये फुल एचडी, आणि प्रत्येक भाग चार जीबीच्या आत, कारण जुन्या टीव्हीला चालणाऱ्या फॅट-३२ पेनड्राइव्हवर त्याहून मोठी फाइल बसतच नाही.

हिशेब सांगायला हवा, कारण बाहेर दिलं की स्वस्त पडतं असं सगळे धरून चालतात. घरच्या एडिटरचा वर्षाचा पगार २,१६,००० होता. आता लग्नामागे ताईचे ६,५०० आणि टीझरचे १,२००, म्हणजे ३१ लग्नांचे २,३८,७००. वर डिस्क. वाचले काहीच नाहीत, बावीस-तेवीस हजार जास्तच गेले. फरक एवढाच की चातुर्मासात खिशातून काही जात नाही आणि कुणी पुण्याला गेलं म्हणून धंदा बसत नाही. आधी आम्ही "पंधरा दिवसांत व्हिडिओ" म्हणून मिरवायचो. आता कोटेशनवर साठ दिवस लिहितो. त्यावरून दोन बुकिंगं गेली.

आणि एकाच माणसावर भिस्त ठेवण्याचा फटकाही बसलाच. मे महिन्यात वळवाच्या पावसात तिच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवस लाइट नाही, आली तेव्हा एक डिस्क उठेना. प्रत आमच्याकडे होती म्हणून वाचलो, पण पुन्हा पाठवणं, पुन्हा लावणं यात ते लग्न नऊ दिवस उशिरा गेलं. नवऱ्या मुलाचे वडील स्टुडिओत येऊन बसले. मी ट्रान्सफॉर्मरचं सांगितलं तर म्हणाले, आमच्याकडंही गेली होती लाइट, आम्ही लग्न थांबवलं नाही. यावर काय बोलणार? शेवटचं साठलेलं काम हातावेगळं झालं तेव्हा आषाढ संपत आला होता.

यंदाच्या हंगामापासून लग्नाच्या सकाळी आमचा एक नवा विधी असतो. तिन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एका मोबाइलवरून लावायची, सगळे पीएएलवर (आपल्याकडची पद्धत) आणि २५ फ्रेमवर आहेत का बघायचं, लॉग बंद. मग तिन्ही चालू करून भाऊ मध्ये उभा राहतो आणि जोरात एक टाळी वाजवतो, म्हणजे पुढं आवाज जुळवायला सोपं. परवा ओगलेवाडीकडच्या एका कार्यालयात ती टाळी ऐकून बँडवाल्यांना इशारा वाटला आणि त्यांनी वाजवायलाच सुरुवात केली.

त्याच लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी समोर होतो. तिसरा कॅमेरा दिसेना. नंतर डिस्क भरताना बघितलं. भाऊ बाहेर तुळशीपाशी जाऊन उभा होता, न सांगता. कॅमेरा स्थिर, रंग बरोबर, चुडा नाही तिथं पण तुळस हिरवी. आत गुरुजींचा आवाज चढत चाललाय. तांब्यातलं पाणी घालता घालता नवरीच्या आईची नजर त्याच्यावर पडते, आणि पदरानं डोळे पुसत त्या त्याला म्हणतात, "इथं काय काढतोयस बाळा? लग्न आत लागतंय."